सायलेन्सरवरची तीट

प्रवेश घ्यायला मी महाविद्यालयात कशी आले, हे सांगायचे तर सुरुवात गमबुटापासून करावी लागेल. तेही माझ्या नव्हे, बाबांच्या.

आमचे घर देऊळघाटचे, पण गावात नाही. गावापासून जरा दूर, शेतात. मधे पांदण. पांदण म्हणजे काय, हे आपल्या अंकाच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी जुलै महिन्यात एकदा आमच्याकडे यावे आणि येताना चांगल्या चपला घालून येऊ नये. काळ्या मातीत पाय पडला की चपला खालीच राहते आणि पाय तेवढा वर येतो. मग एका हातात चपला, दुसऱ्या हातात सलवारीचे टोक आणि दप्तर दातात, अशी आमची शाळा बारावीपर्यंत झाली.

२०२४ च्या जुलैत प्रवेशाची कागदपत्रे तपासून घेण्याचा शेवटचा दिवस होता, आणि आदल्या रात्रभर पाऊस पडत होता. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशीच हातात आला होता, त्यामुळे आधी जाणे जमले नव्हते. सकाळी मायने सगळे दाखले खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळले, वरून सुतळी बांधली आणि दारात बाबांचे गमबूट आणून ठेवले.

"हे घाल. चपला पिशवीत घे. कालेजात गेल्यावर बदल."

"अन् बाबा?"

"मले काय धाड भरते?" बाबा म्हणाले आणि अनवाणीच वावरात साचलेले पाणी काढून द्यायला निघून गेले. सोयाबीन तेव्हा वीतभर झाले होते आणि त्याच्या मुळाशी पाणी उभे होते.

बाबांचा पाय नऊ नंबरचा, माझा पाच. मायने बुटांच्या टोकात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, तरी चालताना पाय आत एक बोलायचा आणि बूट बाहेर दुसरेच. त्या बुटांनी पांदण पार करून फाट्यावर पोचेपर्यंत माझी बस गेली होती. पुढच्या बसने गेले असते तर पोचले असते की नाही, हे आज सांगता येत नाही. तेव्हा मात्र नाहीच, असे वाटले होते. मी तिथेच लिंबाखाली उभी राहिले. रडले नाही असे लिहिणार होते, पण ते खरे नाही.

तेवढ्यात गुरुजींची येझदी आली.

गुरुजी म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. बाबा चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, माय गेलीच नाही; आमच्या घरात दहावीचा निकाल वाचून दाखवायलासुद्धा गुरुजीच आले होते. मला पुढे शिकवावे म्हणून ते पांदण तुडवत तीनदा घरी आले. तिसऱ्या वेळी बाबा त्यांना म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आता चाहा प्या अन् घरी जा, पाठवतो तिले." ते शब्द मी चुलीपाशी बसून ऐकले होते.

आता येझदीबद्दल सांगितले पाहिजे, कारण आजच्या मुलांना ती जुन्या चित्रपटातली वाटेल. म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या बनत. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियातली जावा. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी वेगळी. गुरुजींची येझदी १९८४ ची. तिचा किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच असतो. आत दाबून वर फिरवला की तो किक होतो. एंजिनाचे नळकांडे एकच, पण त्याला धुराड्याचे दोन नळ, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन लांबलचक सायलेन्सर, आणि दोन्ही क्रोमचे. गुरुजी दर रविवारी सकाळी अंगणात पाट टाकून बसत आणि जुन्या बनियनच्या फडक्याने ते सायलेन्सर पुशीत. त्यात पाहून भांग पाडता येईल, असे गावातली पोरे म्हणत.

"बस मागं," गुरुजी म्हणाले. मी दोन्हीकडे पाय टाकून बसले, पोटाशी खताची पिशवी धरली आणि आम्ही निघालो.

आमच्याकडे गाडीच्या मागे बसणाऱ्या बायका-पोरांच्या पोटरीवर एक गोल डाग असतो. मायच्या उजव्या पोटरीवर आहे, मावशीच्या आहे, माझ्या वर्गातल्या दोघींच्या आहे. सायलेन्सरचा चटका. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, सैलानीच्या यात्रेला जाताना कधीतरी तो बसतो आणि जन्मभर राहतो. मला त्या दिवशी तो बसला नाही. बूट गुडघ्यापर्यंत उंच होते आणि आत इतके सैल होते की पाय आणि बूट यांच्यामध्ये वाराच भरलेला होता. पाय ठेवायच्या दांडीवरून माझी टाच केव्हा घसरली आणि बुटाची आतली बाजू सायलेन्सरला केव्हा टेकली, मला कळलेच नाही. भाजले असते तर पाय काढून घेतला असता.

अर्ध्या वाटेत वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, नाकात आणि घशात झोंबणारा. मला वाटले, कोणी रस्त्याच्या कडेला कचरा पेटवला असेल. एवढ्या पावसात कचरा कसा पेटेल, हा विचार मनात आला नाही. मी पिशवीतले दाखले मोजत होते.

महाविद्यालयाच्या फाटकात उतरताना उजवा बूट सायलेन्सरला चिकटलेला निघाला. ओढल्यावर तार सुटावी तसा काळा धागा लांबला आणि तुटला. सायलेन्सरवर, एंजिनापासून हातभर अंतरावर, तळहाताएवढा काळा, फुगलेला, चमकणारा डाग. त्यातून अजून धूर येत होता.

मी गुरुजींकडे पाहिले. त्यांनी डागाकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "आधी आत जा," म्हणाले, "खिडकी बंद होईल."

चपला बदलून मी आत गेले. अर्जात एका चौकटीत पालकांचे शिक्षण विचारले होते. वडिलांपुढे चौथी लिहिले. आईपुढे काय लिहायचे ते न कळून रेघ ओढली. खिडकीतल्या कारकून बाईंनी ती रेघ पाहिली आणि काही न बोलता शिक्का मारला. एवढाच माझा महाविद्यालयातला पहिला दिवस.

घरी आल्यावर सगळे सांगितले. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "पाय नाही भाजला ना?" मी नाही म्हटले. "मंग झालं," म्हणाले आणि बूट उचलून गोठ्याच्या खुंटीला उलटे टांगून ठेवले. मायला मात्र गुरुजींच्या गाडीची काळजी. "चाळीस वर्साची गाडी, अन् आपल्या पोरीनं डागली." मलाही दुसरे काही दिसत नव्हते. ज्या माणसाने आपल्यासाठी तीनदा चिखल तुडवला, त्याच्या एका शौकाच्या वस्तूला आपण पहिल्याच दिवशी डाग लावला.

त्याहून वाईट म्हणजे गावाला तो दिसला. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, येझदीले नजर लागू नये म्हून तीट लावली काय?" गुरुजी म्हणाले, "हो. पोरगी कॉलेजात गेली, त्याची तीट आहे." हे मला बाबांनी येऊन हसत सांगितले. मला हसू आले नाही. मी पुढच्या रविवारी सकाळी सातलाच गुरुजींच्या अंगणात हजर झाले आणि म्हटले, हा डाग मी काढणार.

गुरुजी म्हणाले, "काढ. पण क्रोमला खरचटलं तर तुझी परीक्षा घेईन."

पहिला प्रयोग अर्थातच मायच्या सल्ल्याने झाला. चिंच आणि चुलीची राख. तांब्या-पितळेची भांडी आमच्या घरी याच जोडीने लखलखतात. राख लावायला हात नेला तोच गुरुजींनी मनगट धरले. राखेत वाळूचे कण असतात, ते ओरखडे पाडतात. चिंच तेवढी लावू दिली. अर्धा तास चोळूनही डागावर काही परिणाम नाही. नंतर विज्ञान शाखेच्या एका सरांनी मला समजावले, चिंचेतले आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवते, कारण तो थर धातूचाच झालेला असतो. माझा डाग धातूचा नव्हता, बुटाचा होता.

रॉकेल आता आमच्याकडे मिळत नाही. पेट्रोलचे बोळे फिरवून पाहिले. वरचे तेलकट गेले आणि डाग आणखीच काळाभोर दिसू लागला. गावातल्या गॅरेजवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "पॉलिश पेपर मार, दोन मिनटात साफ." आमच्या गुरुजींनी तेव्हा कानांवर हात ठेवले. त्याच संध्याकाळी त्यांनी मला क्रोम म्हणजे काय ते सांगितले, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत सायलेन्सर सबंध क्रोमचाच बनवतात अशी माझी समजूत होती.

सायलेन्सर पोलादी पत्र्याचा असतो. त्यावर निकेलचा मुलामा, आणि त्याच्यावर क्रोमचा. आपल्याला जी आरशासारखी चमक दिसते ती मुख्यतः खालच्या निकेलची. क्रोम हे तिच्यावरचे कठीण, न गंजणारे पांघरूण. पण ते पांघरूण किती पातळ! शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही कमी असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे शंभरावर थर एकावर एक ठेवले तेव्हा कुठे एका केसाएवढी जाडी होईल. क्रोम पोलादापेक्षाही कठीण, पण पॉलिश पेपरवरचे कण त्याच्याहून कठीण. एकदा का थर घासून गेला की खालचे निकेल उघडे पडते, मग पोलाद, मग गंज. डाग दोन मिनिटांत जाईल, पण सायलेन्सरही पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाईल.

दुसरा रविवार असाच गेला. त्या आठवड्यात महाविद्यालय सुरू झाले होते. मी कला शाखेची, तरी धीर करून विज्ञानाच्या इमारतीत गेले आणि तिथल्या सरांना विचारले. कला शाखेची मुलगी सायलेन्सरचा डाग घेऊन आली म्हणून ते आधी हसले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की मी अजून विसरले नाही. "बूट कशाचा होता?"

मी म्हटले, "रबराचा."

"नक्की? बघून सांग."

मी घरी येऊन खुंटीवरचा बूट काढला, तळवा पाहिला. तिथे इंग्रजीत उठावाची अक्षरे होती: पीव्हीसी. एवढे वाचले आणि बूट परत टांगला. बाकी बुटाकडे मी पाहिले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

सरांनी सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. रबराच्या चिकाला गंधकाबरोबर तापवून पक्के करण्याची युक्ती चार्ल्स गुडइअर या अमेरिकन माणसाला १८३९ साली सापडली. असे पक्के केलेले रबर पुन्हा वितळत नाही. फार तापले तर ते कुजल्यासारखे चिकट होते आणि जळून कोळसा होते, पण पातळ होऊन पुन्हा घट्ट होत नाही. भाजलेली भाकर पुन्हा पीठ होत नाही, तसे. पीव्हीसीचे उलटे. ते गुळासारखे. तापवले की मऊ, निवले की घट्ट, पुन्हा तापवले की पुन्हा मऊ. पाणी उकळते त्याच्या आसपासच ते नरम पडू लागते, आणि चालत्या गाडीचा सायलेन्सर एंजिनाजवळ त्याच्या कितीतरी पुढे जातो.

"म्हणून," सर म्हणाले, "रबराचा डाग असता तर वेगळे सांगितले असते. तुझा डाग जसा आला तसाच जाईल. पण जपून. जास्त तापवून धूर काढू नकोस. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते छातीलाही वाईट आणि धातूलाही." तेव्हा मला त्या घशात झोंबणाऱ्या वासाचे नाव कळले.

तिसऱ्या रविवारी गुरुजींनी गाडी अंगणात वाऱ्यावर उभी केली आणि तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद केली. डागाजवळ हात नेला तर धग लागत होती, पण पाण्याचा थेंब टाकला तर चरचरत नव्हता. एवढेच तापवायचे. मी बांबूच्या कामटीला पातेल्याच्या काठासारखी धार काढून ठेवली होती. पोलादी चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नाही. जाड कापडाचे हातमोजे घालून कामटी डागाच्या कडेला तिरपी लावली आणि ढकलली. काही वेळ काहीच नाही, आणि मग एकदम, दुधावरची जाड साय उलथण्यावर यावी तशी काळी वळी वर आली. मी ओरडलेच. गुरुजींच्या सूनबाई पोळपाट टाकून बाहेर आल्या.

पण सगळा डाग साय नव्हता. वरचा मऊ थर निघाला. खाली जो थेट धातूला लागून जळला होता तो तपकिरी, पातळ, काचेसारखा थर उरला. तो कामटीला दाद देईना. त्यावर गाडी पूर्ण थंड झाल्यावर नेलपॉलिश काढायचे औषध लावले. त्यात ॲसिटोन असते आणि ते पीव्हीसीला फुगवून सैल करते. पण ते पेट घेणारे, म्हणून तापल्या सायलेन्सरजवळ त्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही. ती बाटली माझ्या एका मैत्रिणीची. ती अजूनही विचारते, तुझ्या नखांना एवढे काय झाले होते?

ॲसिटोनने अर्धे काम केले. उरलेले अर्धे केले चांदीच्या कागदाने. सूनबाई मुलाच्या डब्यात पोळ्या ज्या कागदात गुंडाळतात तो. गुरुजींनाच हे कुठल्याशा जुन्या येझदीवाल्याने सांगितले होते. कागदाचा चुरगळून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. हे ऐकून मला आधी राखेची आठवण झाली आणि मीच गुरुजींचा हात धरायला निघाले. पण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असते. ते स्वतः झिजते, क्रोमला खरचटत नाही, आणि चुरगळलेल्या कागदाच्या घड्या मात्र डागाच्या खरपुडीला खरवडून काढतात. पाणी काळे होई, मी ते पुशीत असे, कागद बदलत असे. दोन रविवार हेच. शेवटी पितळ चकाकवायचे पॉलिश फडक्यावर घेऊन एक हात फिरवला.

चौथ्या, खरे म्हणजे साडेचौथ्या रविवारी डाग गेला. साडेचौथा म्हणण्याचे कारण, शेवटचे बोट स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी झेंडावंदनाहून आल्यावर पुसले. एंजिनाजवळच्या बाकावर पिवळसर-निळी झाक उरली होती, तीही मी घासायला घेतली तर गुरुजी म्हणाले, "ते सोड. ते तुझं नाही. उष्णतेनं क्रोमवर पापुद्रा जाड होतो, त्याचा तो रंग. माझ्या चाळीस वर्षांचा आहे." मग सायलेन्सरमध्ये पाहून त्यांनी खिशातला कंगवा काढला आणि उरल्या केसांचा भांग पाडला.

त्या दिवशी मी घरी आले ती अशी की जणू पदवीच मिळाली. मायने गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले.

इथेच हा लेख संपवायचा असे मी ठरवले होते. वर्गातल्या मैत्रिणीला वाचून दाखवला, तिलाही आवडला. पण जानेवारीतले सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

रब्बीला आमच्याकडे गहू असतो. शेतीची लाइन आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीत बाबा बारा-एकला उठतात, घोंगडी घेतात, बॅटरी घेतात, गमबूट घालतात आणि विहिरीवर जाऊन मोटार चालू करतात. मग पहाटेपर्यंत सारे फोडत आणि बांधत फिरायचे. पाणी घोट्याच्या वर असते. थंडीत साप कमी निघतात, पण विहिरीजवळच्या दगडांत घोणस दिसलेली आहे. गमबूट त्याच्यासाठी.

जानेवारी २०२५ मध्ये, पहिल्या सत्राची परीक्षा आटोपल्यावर, एक दिवस सकाळी मी गोठ्यात गेले तर बूट खुंटीला नव्हते, उन्हात होते. बाजूला कापडाच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी वाळत टाकलेली, पायाच्या आकाराची झालेली. मला कळेना. मी उजवा बूट उचलला. आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे वर, जिथे माझा पाय सायलेन्सरला टेकला होता, तिथला जाड थर पातळ होऊन सुरकुतला होता आणि मधे दोन बोटे जातील एवढे भोक होते. कडा मेणबत्तीच्या गळलेल्या मेणासारख्या.

तळहाताएवढा काळा थर मी कामटीने काढला होता, फडक्याने पुसला होता, मैत्रिणींना दाखवला होता. तो कुठून आला होता?

मी मायला विचारले. माय म्हणाली, "दिवाळीपासून पिशवी घालून जातात. मी म्हटलं नवे घ्या, तर म्हणे तुह्या परीक्षेचे पैसे भरायचे हायेत." मग थोडे थांबून म्हणाली, "तुले सांगू नको म्हणले."

नव्या बुटांना तीन-साडेतीनशे रुपये लागतात. माझ्याकडे ते त्या वेळी नव्हते. होते ते ज्ञान. मी बुलढाण्याहून सायकलच्या पंक्चरची रबरी चकती आणि सोल्यूशन आणले, भोक घासून साफ केले, चकती दाबून बसवली, वर दगड ठेवला. बाबा म्हणाले, "वा!" रात्री पाण्यात शिरले आणि पंधरा मिनिटांत चकती निघून आली. सोल्यूशन रबराला रबर धरते. बूट कशाचा, हे मला सहा महिन्यांपूर्वी एका सरांनी विचारले होते, आणि उत्तर मीच वाचून सांगितले होते.

सकाळी मी मायला गूळ आणि भाकरीची ती गोष्ट सांगितली. कोणते प्लास्टिक पुन्हा मऊ होते आणि कोणते होत नाही. माय ऐकत होती, पण तिचे अर्धे लक्ष दुसरीकडे होते. "म्हंजी घागर सांधतो तसं," ती म्हणाली. तिने माळ्यावरून आपली जुनी, बंद तुटलेली चपला काढली. तीही त्याच जातीच्या प्लास्टिकची. तिच्यावरची अक्षरे या वेळी मी आधी वाचली. तिच्या तळव्याची पट्टी कापली. विळ्याचे पाते चुलीत लाल होऊ न देता तापवले, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि एका हाताने बूट, दुसऱ्या हाताने विळा धरून पट्टीची कड आणि भोकाची कड एकदमच टेकवली. मी पट्टी कामटीने दाबून धरत होते. कामटी तीच.

वास आला. फाट्यावरून बुलढाण्याला जाताना दाखले मोजत बसले होते तेव्हाचा. मी तोंडावर ओढणी घेतली आणि मायच्याही तोंडावर तिचा पदर ओढला.

चारही बाजू सांधायला तासभर लागला. सांधा काही देखणा झाला नाही. भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा दिसत होता. बाबा वावरातून आले, बूट उचलून पाहिला, काही बोलले नाहीत. गुरांच्या हौदापाशी गेले आणि घोट्याच्या वरपर्यंत बूट पाण्यात दाबून धरला. बराच वेळ. मग बाहेर काढून आत हात घातला, बोटे फिरवली, हात बाहेर काढून धोतराला पुसायला गेले आणि पुसायचे थांबले.

"कोरडा हाय," म्हणाले.

त्या रात्री लाइन साडेबाराला येणार होती.